मतलईची पाठवणी

मावशी, तू भांडण अर्धं टाकून गेलीस. हे तुला शोभत नाही. भाजीवाल्याशी, डीजेवाल्याशी, माझ्याशी, कोणाशीही वाद घातलास तरी तो तडीला नेऊन, वर समोरच्याच्या पैशाने चहा पिऊन उठणारी बाई तू. आपल्या गेमच्या शेवटच्या प्रसंगावरून आपण हमरीतुमरीवर आलो, तू गजरा सावरलास, म्हणालीस, "आगो, लगनाचा हंगाम सरू दे, मंग बघू," आणि जिना उतरून गेलीस. हंगाम अजून सरलेला नाही. मी अजून उत्तर तयार करून बसले आहे. ऐकणारी तेवढी नाही.

तू कशी गेलीस हे मी लिहिणार नाही. ते कळव्यात सगळ्यांना पाठ झालंय. मांडवातून आलीस, वैशालीला चहा टाकायला सांगितलंस आणि चहा गाळून होईपर्यंत गेलीस. तुझी सून ती, पण त्या दिवसापासून चहाचं पातेलं हातात धरलं की रडते. तेवढं सांगते आणि पुढे जाते, कारण मला तुझ्याशी कामाचं बोलायचं आहे.

काम म्हणजे मतलई. वर्तकनगरच्या आमच्या वन-रूम-किचनमध्ये समीर आणि मी मोबाईलवरचा एक खेळ बनवतोय हे तुझ्या गावात कोणालाच धड समजलं नव्हतं. "ती ठाण्याची पोरगी आपल्या हिराबायला कपाटात कोंडून कायतरी बोलवून घेते," एवढीच माहिती. खेळ साधा आहे. एक मुलगी छोट्या होडीतून या बंदरातून त्या बंदरात जाते, आणि सोबतीला असते वाऱ्याची एक बया. नटवी, तोंडाळ, कौतुक केल्याशिवाय शीड न फुगवणारी. ती बया म्हणजे तुझा आवाज. सगळ्या बंदरांतलं तिचं सगळं बोलणं आपण ध्वनिमुद्रित केलं. राहिला फक्त शेवट, जिथे ती मुलीला सोडून जाते. तू गेलीस तेव्हा तिथे नुसती शांतता होती. आणि ज्या बंगळुरूच्या कंपनीतर्फे हा खेळ लोकांपर्यंत जाणार आहे, ती रोज विचारत होती की शेवटच्या प्रसंगाचा आवाज कधी येणार.

तुला पहिल्यांदा पाहिलं ते आठवतंय. समीरच्या मित्राच्या हळदीला आम्ही कळव्याच्या जुन्या गावात आलो होतो. डीजेच्या डब्यांची भिंत माणसाच्या दुप्पट उंच, छातीत धाडधाड होतंय, आणि त्या भिंतीसमोर एक बाई कमरेवर हात ठेवून उभी. पोपटी लुगडं, अंबाड्याला अबोलीचे एवढे गजरे की मान हलवली तर पाठीवर आपटावेत, आणि सूर्य मावळलेला असूनही डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा काळा गॉगल. गॉगल मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा होता हे नंतर कळलं. डॉक्टरने काढायला सांगूनही तू तो काढला नव्हतास, कारण "त्यान मी बरी दिसते."

"बंद कर तुझा डबा," तू त्या पोराला म्हणालीस. "हलद लागल्याशिवाय नवरा होतं काय? आधी माझा गाना, मंग तुझा धिंगाना."

त्याने बंद केला. तू धवलारीण आहेस हे मला तेव्हा माहीत नव्हतं. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला त्याचं त्याचं गाणं म्हणणारी बाई, जिच्या तोंडून ते गाणं निघाल्याशिवाय तुमच्याकडे तो विधी झाला असं कोणी मानत नाही, हे डोंबिवलीत वाढलेल्या मला कोण सांगणार? मला एवढंच दिसलं की माईक नाही, पेटी नाही, आणि मांडवाच्या शेवटच्या खुर्चीवरचा माणूससुद्धा जेवायचं थांबला आहे. त्या दिवसांत आम्ही वाऱ्यासाठी आवाज शोधत होतो. शिकलेले, कमावलेले पुष्कळ आवाज ऐकले होते. सगळे खाद्यतेलाची जाहिरात केल्यासारखे बोलायचे. समीरने पत्रावळीवरची जिलेबी तशीच ठेवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अश्विनी, हा वारा."

मी त्या बयेचं नाव पवनिका ठेवलं होतं. तू पोट धरून हसलीस. "पवनिका? ह्यो काय साबन हाय?" मग तू तुझ्या बापाची गोष्ट सांगितलीस. तो शिडाच्या होडीतून मिठागरांचं मीठ न्यायचा. पहाटे जमिनीकडून वारा सुटला की त्याच्यावर होडी निघायची, दुपारी दर्याकडून खारा वारा आला की त्याच्यावर परत. निघताना लागते ती मतलई. खारे वारे, मतलई वारे मी शाळेत भूगोलाच्या पेपरला घोकून लिहिले होते. पण मतलई सुटली की तुझी आई चुलीपुढून उठून बापाच्या हातात भाकरीचं फडकं द्यायची, हे भूगोलात नव्हतं. पवनिका तिथल्या तिथे वारली.

मग चित्र. आम्ही काढलेली बया पांढऱ्या झिरझिरीत कपड्यांत, केस मोकळे, डोळे अर्धे मिटलेले. तू बराच वेळ पाहत राहिलीस आणि हळू आवाजात विचारलंस, "ही कवा मेली?" दुसऱ्या दिवशी ती पोपटी लुगड्यात आली. तिसऱ्या दिवशी तिला नथ आली. गॉगलला मात्र मी विरोध केला. वाऱ्याला गॉगल कशाला? तू म्हणालीस, "वाऱ्याच्या डोल्यान धूल जाते ती कोनाला दिसते?" मी हरले, आणि आज त्या गॉगलशिवाय मतलईची कल्पनाही करता येत नाही.

मी दर वेळी हरले नाही हं, हेही लिहून ठेवते. तुझं म्हणणं होतं की मतलईने हाकेला ओ द्यायचीच नाही. "बोट दाबला का आली? मी काय रिक्षा हाय?" मी सांगून थकले की संकटात सोबतीणीने आलंच पाहिजे, नाहीतर माणूस मोबाईल फेकून देईल. तू ऐकेनास. शेवटी तसंच करून वैशालीच्या मोबाईलवर घालून दिलं आणि म्हटलं, घे, खेळ. तुझी होडी भोवऱ्यात सापडली. तू मतलईला बोलावलंस. मतलई तुझ्याच आवाजात म्हणाली, "आधी माझ्या नथीचा नाव काढ!" होडी बुडाली. पुन्हा खेळलीस, पुन्हा बुडाली. तिसऱ्यांदा तू मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन ओरडलीस, "ये ना गो भवाने! पोरगी मरते नं तुला नथ सुचते!" स्वयंपाकघरात वैशाली हसून हसून खाली बसली. त्यानंतर मतलई एका हाकेत येऊ लागली, फक्त येताना शिव्या घालत येते. त्या शिव्या लिहायला मला बसवलं नाहीस. त्या सगळ्या तुझ्या.

आणि ते कपाट. आमच्याकडे काही काचेची खोली वगैरे नव्हती. भिंतीतलं मोठं कपाट रिकामं करून आत चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या होत्या, त्यात तू स्टुलावर बसायचीस आणि दाराबाहेर मी. पंखा लावला की त्याची घरघर आवाजात उतरते, म्हणून पंखा बंद. ठाण्याचा एप्रिल, गोधड्या आणि गजरे. "वाऱ्याचा काम नं पंखा बंद!" तू रोज कपाळावर हात मारायचीस. पण एकदा लाल दिवा लागला की घाम पुसायलाही हात उचलायची नाहीस, बांगड्या वाजतील म्हणून. काम संपलं की मी बटण दाबायच्या आधीच तुझा आवाज यायचा, "पंखा लाव गो आता." प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या शेवटी ते वाक्य आहे. किती वेळा ते कापून टाकताना मी वैतागले असेन.

तू नटतेस म्हणून बोलणारे लोक होते, मला ठाऊक आहे. काका गेल्यानंतरही गजरा, नखांना लाल रंग. एकदा माझ्यासमोर कोणीतरी टोमणा मारला आणि तू चालता चालताच उत्तर दिलंस, "नवरा गेला, केस नाय गेले." मी ते वाक्य मतलईच्या तोंडी घालायला मागितलं, तू दिलं नाहीस. म्हणालीस, ते माझं आहे, तिला तिचं शोध. त्या दिवशी मला कळलं की तुझ्या मनात ती आणि तू वेगळ्या होतात. आम्ही सगळे मात्र तुम्हाला एकच समजत होतो.

आता आपल्या भांडणाकडे येते.

पाठवणीचं गाणं तालमीत म्हणायचं नाही, हा तुझा नियम. तुझ्या आईने घालून दिलेला. हळदीचं म्हण, तेलवणीचं म्हण, मांडवाचं म्हण, पण पाठवणीचं गाणं कोणी खरंच जायला निघाल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. म्हणून शेवटचा प्रसंग तू शेवटापर्यंत ठेवलास. मी म्हटलं, मावशी, हा खेळ आहे, इथे कोणी जात नाही. तू म्हणालीस, "मंग कशाला गावाचा? आधी मना तिला उंबऱ्याव उभी करून दाखव. मंग गाईन."

ते चित्र पुरं व्हायला वेळ लागला. झालं तेव्हा तुला बोलावलं. शेवटचं बंदर, पहाट, पाण्याच्या कडेला मतलई पाठमोरी उभी. तू गॉगल काढून बघितलंस. गॉगल काढलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मग मी लिहिलेलं वाचून दाखवलं. मतलई मुलीचा निरोप घेते आणि पाठवणीचं गाणं गात गात समुद्राकडे जाते. तुझा चेहरा बदलला.

"जानारी गात नाय," तू म्हणालीस.

"म्हणजे?"

"नवरी कवा गाते काय? मागं ऱ्हातान त्यांनी गावाचा. जानारीनं गप उभी ऱ्हावाचा."

मी समजावलं. खेळणाऱ्याने पहिल्या बंदरापासून तुझाच आवाज ऐकलाय, शेवटी तूच गप्प राहिलीस तर त्याच्या हातात काय पडलं? तू म्हणालीस, ते त्याचं त्याने बघायचं. मी म्हटलं, मागे राहते ती एकटी मुलगी, तिला तर आवाजच दिलेला नाही. तू म्हणालीस, "मंग दे." मी म्हटलं, एवढं सोपं नसतं ते. आवाज चढले, समीर चहा करायला पळाला. माझा मुद्दा चांगला होता, मावशी, अजूनही चांगला आहे. लोकांना शेवटी तूच हवी होतीस. मलाही तूच हवी होतीस. पण हे दुसरं वाक्य मी त्या दिवशी बोलले नाही, आणि तू हंगामाचं कारण सांगून निघून गेलीस.

तू गेलीस, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंपनीचा निरोप आला. वाईट वाटलं म्हणाले. मग म्हणाले, काळजी करू नका, तुमच्याकडे त्यांचं एवढं बोलणं साठलेलं आहे, त्यावरून यंत्र त्यांच्याच आवाजात शेवटचं गाणं म्हणेल. नमुनाही पाठवला होता. समीरने तो लावला.

मावशी, हुबेहूब तू होतीस. खोटं कशाला बोलू? समीरने तोंड फिरवलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी त्या प्रसंगात लिहून ठेवलेलं गाणं, जे तू कधीच म्हटलं नाहीस, ते तू म्हणत होतीस. फक्त कुठेच श्वास घेतला नव्हता. दुसऱ्या ओळीआधी तू मांडीवर थाप मारून जो मोठा श्वास घ्यायचीस, तो नव्हता.

"पुन्हा लाव," मी म्हटलं. पुन्हा ऐकलं. मग मी बंद केलं.

"अगं, ऐक ना," समीर म्हणाला. "एकच सीन आहे. मलाही आवडलेलं नाही. पण आपलं सगळं यात अडकलंय, आणि ते लोक थांबणार नाहीत. मावशीलाही गेम पूर्ण झालेली हवी होती ना?"

"हवी होती. पण असली नको होती."

"हे तू कसं ठरवणार?"

"मी नाही ठरवलं. तिने ठरवलंय. माझ्या तोंडावर सांगितलंय की जाणारी गात नाही. जिवंतपणी जे केलं नाही ते मेल्यावर तिच्याकडून करून घ्यायचं?"

श्वास नव्हता हे खरं कारण नव्हतं. यंत्र पुढच्या वर्षी श्वास घ्यायलाही शिकेल, मांडीवर थापही मारेल. खरं कारण एवढंच की तू नाही म्हणाली होतीस. भांडणात समोरचं माणूस मेलं म्हणून आपण जिंकत नाही. आणि पहिल्यांदाच मला तुझा मुद्दा नुसता ऐकू न येता कळला. उंबऱ्यावर आता तूच उभी होतीस, गप्प. मागे राहिलो होतो आम्ही.

मी समीरला म्हटलं, बारावं होईपर्यंत त्यांना थांबायला सांग. थांबले नाहीत तर राहू दे.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कळव्याला आलो. तुझ्या ओटीवर बायका बसल्या होत्या, वैशाली, शेजारच्या चौघी-पाच जणी, आणि भिंतीला टेकून बायजाबाय. सगळी उमर तुझ्या जोडीने गायलेली बाई. तू ओळ टाकायचीस, ती उचलायची. मी तिला मोठ्या तोंडाने सगळं सांगितलं. खेळ, शेवटचा प्रसंग, आपलं भांडण. आणि म्हटलं, तुम्ही पाठवणी म्हणाल का?

एक बाई म्हणाली, "काय बोलतस पोरी? दुखाच्या घरान लगनाचा गाना?" दुसरीने पदर तोंडाला लावला. वैशाली माझ्याकडे बघेना. मला वाटलं, झालं, आपण या घराचा उंबरा आजपासून गमावला. समीरने माझी बाही ओढली, निघू या म्हणून. पण मी तुझ्याकडून एक गोष्ट शिकले आहे, वाद अर्धा टाकून उठायचं नाही. मी बायजाबायपुढे मांडी घालून बसले.

"मावशी म्हणायची, कोणी खरंच जात असेल तेव्हाच हे गाणं म्हणायचं," मी म्हटलं. "मग आता कोण जातंय?"

बायजाबाय भिंतीपासून पुढे सरकली. मग म्हणाली, "मना दाखव. कंच्या उंबऱ्याव उभी हाय ती?"

समीरने लॅपटॉप उघडला आणि पाटावर ठेवला. पहाट, पाणी, पाठमोरी मतलई. पोपटी लुगडं, पाठीवर लोंबणारे अबोलीचे गजरे. तुला आठवतं का, ती नुसती उभी असली तरी मधूनच मान वळवून, गॉगल नाकावर खाली करून मागे बघते? आपल्याकडे कोणी बघतंय की नाही, याची खात्री करायला. ती तू शिकवलेली खोड. ओटीवरच्या बायकांना काही ठाऊक नव्हतं. मतलईने मान वळवली, गॉगल खाली केला आणि बायजाबायच्या तोंडून निघालं, "हिरे!"

मग सगळ्या रडल्या. मीही. बाराव्याला रडलेल्या बायका पुन्हा तशाच रडल्या, फरक एवढाच की या वेळी मधून मधून हसतही होत्या, तुझ्या गॉगलला, नथीला. रडून झाल्यावर बायजाबायने डोळे पुसले, मांडी सारखी केली आणि वाट बघत बसली. ओळ कोण टाकणार? पहिली ओळ नेहमी तुझी. बायजाबायला उचलायची सवय, टाकायची नाही. मतलईने तेवढ्यात दोनदा मागे वळून बघितलं.

ओळ वैशालीने टाकली. तिला गाता येतं हे तुलाही माहीत नसेल. सूर खाली लागला, मध्येच फाटला, पण ती थांबली नाही.

"सोन्याची नथ गो नाकान हलली,
हिरा आमची गो दर्यान चालली."

नवरीचं नाव घ्यायच्या जागी मतलईचं घ्यायचं असं मी सांगितलं होतं. तिने तुझं घेतलं. बायजाबायने तेच उचललं, मग सगळ्यांनी.

"मतलई सुटली, होरी लोटा गो,
हिराचे वाटेला दिवा ठेवा गो."

मीही गायले, मावशी. "तू नको गाऊ गो, तू बटान दाब," असं तू मला किती वेळा म्हणालीस. या खेपेला बटण दाबायचंच विसरले. गाणं संपलं, बायजाबायने जमिनीला हात लावून कपाळाला लावला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माईक पिशवीतच आहे. पुन्हा म्हणा असं सांगायची सोय नव्हती. एकदा पाठवलेल्या माणसाला कोणी पुन्हा पाठवत नाही, हे मला आता कोणी सांगायची गरज उरली नव्हती.

मी समीरकडे पाहिलं. यंत्राच्या बाजूने माझ्याशी दोन दिवस भांडलेला समीर. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, नाक लाल झालेलं, आणि मोबाईल छातीशी घट्ट धरलेला. पहिल्या ओळीपासून चालू होता.

त्या मुद्रणात नको ते सगळं आलंय. शेजारच्या कुकरची शिट्टी, वैशालीचा फाटलेला सूर, माझा बेसूर, आणि सबंध गाणंभर तुझ्या ओटीवरच्या जुन्या पंख्याची खडखड. समीर म्हणाला, पंखा काढता येईल, साफ करून देतो. मी म्हटलं, हात लावलास तर बघ.

तेच गेममध्ये घातलं आहे. मतलई गप्प उभी असते. मुलगी गाते, आणि तिच्या आवाजात बायजाबाय, वैशाली, आम्ही सगळ्या. तिला आवाज दे म्हणाली होतीस ना? घे, दिला. खेळणाऱ्यांना हिरा कोण हे कधीच कळणार नाही. काही जण चूक समजून आम्हाला कळवतीलही. कळवू देत.

कंपनीला काल पाठवून दिलं. सोबत लिहिलं की शेवट हाच राहील, यातला एक शब्द किंवा एक खडखड बदलणार नाही, आणि हिराबाईंच्या आवाजाचा यंत्रासाठी कुठलाही वापर होणार नाही. त्यांचं उत्तर आलेलं नाही. घेतील तर उत्तम. नाही घेतली तर आम्ही दोघं ती स्वतःच लोकांपुढे ठेवू, वर्षभर उशिरा का होईना. समीरने नोकरीसाठी दोन ठिकाणी अर्ज केलाय, मी शिकवण्या धरते आहे. बुडत्या होडीत बसून शिव्या घालणाऱ्या बाईकडून आम्ही काम शिकलोय, एवढ्याने मागे फिरणार नाही.

म्हणजे भांडण तू जिंकलीस. तुझी जाणारी गायली नाही. पण माझाही थोडा मुद्दा मी ठेवला आहे, रागावू नकोस. सगळी नावं सरकून गेली, पडदा काळा झाला की मग तुझा आवाज येतो. गाणं नाही ते, म्हणजे नियम मोडलेला नाही. यंत्राचाही नाही, तुझाच, त्या कपाटातला, इतके दिवस मी कापून बाजूला टाकत आले तो.

"पंखा लाव गो आता."

तू गेल्यापासून त्या खोलीतला पंखा आम्ही लावला नव्हता. कोणी ठरवलं नव्हतं, हातच जात नव्हता. काल संध्याकाळी सगळं पहिल्यांदा एकसलग ऐकलं. तुझं ते वाक्य आलं आणि मी उठले. कपाटातल्या गोधड्या हलायला लागल्या.

लावला गं, मावशी.